दिवाळी पहाटचं पान छापता, तसं मंडईचं पण छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

दरवर्षी दिवाळीच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एक अख्खं पान येते, कोणत्या गार्डनमध्ये दिवाळी पहाट आहे, कोण गाणार आहे, पास कुठे मिळतील, गाड्या कुठे लावायच्या, सगळं. वाचायला चांगलं वाटते, खोटं कशाला बोलू. पण ते पान आम्ही ब्रम्हपुरी तालुक्यात बसून वाचतो, नागपूर इथून शंभरच्या वर किलोमीटर, पहाटे सहाच्या गाण्याला पोचायचं तर आम्हाला आदल्या रात्रीच निघावं लागेल. आणि आपली दिवाळी पहाट जिथे संपते ना साहेब, तिथून पुढे आमचा मंडई आणि नाटकांचा सीझन सुरू होते, आणि त्याच्यावर तुमच्या पेपरात एक ओळ नसते. असलीच तर कुठेतरी आत, "नाटकाच्या वेळी दोन गटात हाणामारी" अशी.

मी गावच्या नाट्य मंडळात आहे. स्टेजवर नाही, मला स्टेजवर चार लोकांसमोर बोलता येत नाही, मी हिशोबाला असतो. तिकिटांचे गठ्ठे, परवानगीचे अर्ज, मंडपवाल्याचा ॲडव्हान्स हे माझ्याकडे. आणि माझं ऑनलाईन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे, सातबारा, पीएम किसान, स्कॉलरशिप, पेन्शन हे सगळं तिथे होते. हे दोन धंदे एकाच माणसाकडे असल्यामुळेच हे पत्र लिहून राहिलो, का ते पुढे येईल.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे चार जिल्हे म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे गायगोधन, त्या दिवशी गाई सजवून गावातून फिरवतात, गोवारी बांधव ढाल घेऊन नाचतात, आणि भाऊबीज झाली की मंडया लागतात, मंडई म्हणजे भाजीबाजार नाही, गावची जत्रा. आज ह्या गावची, उद्या त्या गावची, परवा एकाच दिवशी तीन गावच्या आणि तिन्ही गावात आपले सोयरे, मग घरात भांडण की कुठे जायचं. हे असं महिनाभर चालते, आणि मंडई संपली तरी नाटकं संपत नाहीत, ती शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) सीझनमधून पार होळीपर्यंत जातात.

हे सगळं दिवाळीनंतरच का, तर धानामुळे. हलका धान दिवाळीच्या आसपास कापायला येते, बांधीत कडपा, म्हणजे कापलेला धान, पडलेल्या असतात, मग पुंजणे (ढीग), मग चुरणं (मळणी). भारी धान अजून उभा असते पण हातात पहिला पैसा आलेला असते, किंवा येणार आहे अशी आशा तरी असते, सरकारी केंद्रावर विकलेल्या धानाचे पैसे कधी येतील ते देवालाच माहीत. थंडी अजून कडक झालेली नसते, पाऊस गेलेला असते. (असायचा. आता ऑक्टोबर संपता संपता पण पडते आणि कडपा पाण्यात जातात, मग त्या वर्षी तिकीट विक्रीवर लगेच दिसते.) नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे, ज्यांनी एचएमटी तांदूळ शोधला, ते ह्याच मातीतले. तो तांदूळ देशभर खाल्ला गेला आणि ते स्वतः २०१८ मध्ये गेले ते गरिबीतच. आणि मंडई झाली की बरीच कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात निघतात, दोन-तीन महिने गाव अर्धं रिकामं. म्हणून जे काही भेटायचं, बोलायचं, नाचायचं, सोयरीक जुळवायची ते ह्या दिवसात. पंचांग नाही, धान ठरवते.

मंडईच्या दिवशी काय असते? सकाळपासून पाहुणे. लेकी माहेरी आलेल्या असतात, जावई येतात, जावयाचे भाऊ येतात, त्या भावांसाठी कोणाची पोरगी दाखवायची हे आधीच बायकांनी ठरवून ठेवलेलं असते आणि पोरीला वाटते की आपल्याला कोणी काही सांगितलं नाही. घरोघरी लाखोरीच्या डाळीचे वडे, पुऱ्या, ज्यांच्या घरी चालते तिथे मटण. दुपारी गावाबाहेरच्या पटांगणात दुकानं लागतात, जिलेबी, भजे, बांगड्या, फुगे, प्लॅस्टिकचे ट्रॅक्टर, एखादा आकाशपाळणा. आणि मधात रिंगण करून दंडार, म्हणजे आमचा गाणं-नाच-सोंगाचा खेळ. दुसऱ्या कोपऱ्यात खडीगंमतवाले शाहीर, डफ-तुणतुणं घेऊन उभ्या उभ्या. दोन पार्ट्या असल्या तर सवाल-जवाब असा चालते की म्हातारी माणसं जागेवरून हलत नाहीत. लुगडं नेसून नाचणारा माणूस, म्हणजे शेजारच्या गावचा सकाळी बैल चारणारा आपलाच काका, तो सरपंचापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांची नावं घेऊन घेऊन टिंगल करते आणि ते सगळे समोर बसून हसतात. ग्रामसभेत जे बोलायची कोणाची हिंमत होत नाही ते तिथे गाण्यात बोलून होते. मी तर म्हणतो ग्रामसभेचं प्रोसिडिंग लिहिणाऱ्याने एकदा तिथे येऊन बसावं.

मग रात्री नाटक. ह्याच्याबद्दल आता थोडंफार बाहेर माहीत झालं आहे, विशेषतः २०२३ मध्ये कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे साहेबांना पद्मश्री मिळाली तेव्हापासून. त्यांचे पाच हजारांवर प्रयोग झाले हे तेव्हा पेपरात छापून आलं आणि लोकांनी एकमेकांना फॉरवर्ड केलं. त्याच्या आधी झाडीपट्टीचं नाटक म्हटलं की शहरातले लोक हसायचे, "ते रात्रभर चालते ते का" म्हणून. हो, तेच. दहा-अकराला पडदा उघडते, पहाटे चार-पाचला पडते. मधात गाणी, लावणी, कॉमेडी, मग रडारड, मग परत गाणं. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड सगळं लाईव्ह. पडद्यामागे प्रॉम्प्टर बसलेला असते कारण कलाकार रोज वेगळ्या गावात आणि कधी कधी वेगळ्या कंपनीत वेगळं नाटक करून राहिला असते, एवढं पाठांतर कोणाच्या बापाला जमणार. काही समीक्षक लोक ह्याच्यावर नाक मुरडतात. त्यांनी एकदा यावं आणि डिसेंबरच्या थंडीत अंगावर ब्लँकेट घेऊन, मांडीवर झोपलेलं पोर घेऊन पहाटे चार वाजेपर्यंत जागी राहिलेली बाई पाहावी. तुमच्या हॉलमध्ये अडीच तासाच्या नाटकात लोक मोबाईल पाहतात.

ह्या नाटकांचं सगळं बुकिंग वडशाला. स्टेशनचं नाव वडसा, तालुक्याचं नाव देसाईगंज, जिल्हा गडचिरोली, गोंदिया-बल्लारशा लाईनवर आहे. तिथे सीझनच्या आधी नाटक कंपन्यांची ऑफिसं उघडतात, रस्त्याने दोन्ही बाजूंनी कलाकारांच्या फोटोंचे बोर्ड, आणि गावोगावचे मंडळवाले मोटरसायकलवर जाऊन डेट पक्की करतात. कोणती हिरोईन कोणत्या कंपनीत गेली, कॉमेडीवाला कोण आहे, गेल्या वर्षी कोणत्या गावात कोणतं नाटक पडलं, ही चर्चा पोळ्यानंतर प्रत्येक पानठेल्यावर चालू असते. कलाकाराला पैसे नाईटवर. नागपूर, पुणे, मुंबईचे पण येतात, पण पाया आपलाच, झाडीतला माणूस, पावसाळ्यात रोवणी करणारा आणि थंडीत पाटील, पोलीस, दारुडा, राजा. एक सीझन गेला की वर्ष गेलं त्याचं. २०२० ला कोरोनाने तेच केलं, ते वर्ष काय होतं ते ह्या लोकांना विचारा.

आता पैशाचं सांगतो कारण ते माझ्याकडे असते. नाटकाचा रेट, शामियाना, लाईट, जनरेटर, जाहिरातीची गाडी, कलाकारांचं जेवण सगळं धरून आमच्यासारख्या गावाचा खर्च लाखाच्या वर जाते. हा पैसा सरकार देत नाही, कोणती सीएसआरवाली कंपनी देत नाही. पंधरा-वीस घरं मिळून आधी जमा करतात, मग तिकिटातून काढायचे. पाऊस आला, कलाकार आजारी पडला, शेजारच्या गावात त्याच रात्री मोठ्या नावाचं नाटक लागलं की मंडळ बसलं. उरले तर त्या पैशातून शाळेची भिंत, मंदिराचा पत्रा, व्यायामशाळा, एखाद्या वर्षी नुसती सतरंजी. म्हणजे उलटं आहे पहा, शहरात सांस्कृतिक कार्यक्रमाला कोणीतरी पैसा देते, आमच्याकडे सांस्कृतिक कार्यक्रम गावाला पैसा देते. म्हणून हे पत्र अनुदानासाठी नाही. अनुदान नको. अनुदान आलं की समिती येईल, समिती आली की अध्यक्ष कोण यावर दोन वर्षं.

परवानगीचं मात्र जरा बोललं पाहिजे. ग्रामपंचायतीची एनओसी, पोलिसांची परवानगी, तात्पुरतं मीटर, जागावाल्याचं संमतीपत्र, हे सगळे कागद वेगवेगळ्या टेबलावर. आणि सगळ्यात मोठी गंमत लाउडस्पीकरची. २००० सालच्या ध्वनी प्रदूषणाच्या नियमात रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते. आता आमचं नाटक सुरूच दहानंतर होते! म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांची म्हणतात ती परंपरा, पद्मश्री मिळालेली, ती दर रात्री कोणाच्या तरी मेहेरबानीवर चालते. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, डीजेच्या भिंती लावून लग्नाच्या वरातीत जो धिंगाणा चालते त्याच्यासाठी हा नियम कमीच पडते, आणि फेब्रुवारीत दहावी-बारावीच्या पोरांना त्रास होते ही तक्रार पण खरी आहे, आमच्या मंडळाने त्यामुळे बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर नाटक घेणं बंद केलं. पण नाटकाचा आवाज आणि डीजेचा आवाज एकाच तराजूत का? गावाबाहेर, शामियान्यात, वर्षातून एक-दोन रात्री. ह्याच्यावर कोणत्या आमदाराने कधी नीट प्रश्न मांडला तर आम्ही त्याचं नाव नाटकाच्या जाहिरातीत फुकट टाकू.

आणि रस्ता. पहाटे चारला नाटक सुटते तेव्हा माणसं मोटरसायकलवर तीन तीन बसून जंगलातून जातात. ब्रम्हपुरी आणि वडसा वनविभागात वाघाचं काय चालू आहे ते तुमच्याच पेपरात असते. सीटी-१ नावाचा वाघ २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पकडला तोपर्यंत त्याने तेरा माणसं मारली होती, आणि पकडला ऑक्टोबरात, म्हणजे बरोबर मंडईच्या तोंडावर. गडचिरोलीकडे आता हत्तींचे कळप पण आहेत. नाटकाच्या रात्री मोठ्या गावाहून सुटणारी पहाटेची एक एसटी दिली तर किती बरं होईल, पण ते आपल्या हातात नाही, सोडा. पुढे जातो.

मुख्य मुद्दा आता. नाटकाला पोस्टर आहे, बोर्ड आहे, भोंगा लावलेली गाडी आहे, आता यूट्यूब पण आहे. दंडार आणि खडीगंमतला काहीच नाही. तिथे ना तिकीट, ना पत्रिका, ना करार. मंडईच्या आधी दोन दिवस एकजण सायकलवर जाऊन सांगते "या मग", आणि ते येतात. बिदागी हातात, वर नारळ-दुपट्टा. संपलं. त्याचा कुठे कागद नाही.

आणि कागदच लागते. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलाकारांसाठी मानधनाची योजना आहे, आता महिन्याला ५००० रुपये मिळतात, वय पन्नासच्या वर पाहिजे. चांगली योजना आहे. माझ्या दुकानात ह्याचे फॉर्म भरायला म्हातारे लोक येतात. आधार असते, उत्पन्नाचा दाखला काढता येते, बँकेचं पासबुक असते. मग येते तो रकाना, कलेचा पुरावा. प्रमाणपत्रं, कार्यक्रमपत्रिका, फोटो, पेपरातली कात्रणं. आणि समोर बसलेला माणूस, ज्याने तरुणपणापासून दंडारीत बाईचं काम केलं, ज्याला चार तालुक्यात नावाने ओळखतात, त्याच्याजवळ यापैकी काहीच नसते. एका बाबांनी मला विचारलं, "मी नाचलो का नाही हे गावाले विचारा ना जी, कागदाले काऊन विचारता?" मी काय सांगणार. पोलीस पाटलाचा दाखला जोडला, सरपंचाचं पत्र जोडलं, एक जुना फोटो होता त्यात ते लुगड्यात होते आणि तोंडाला पावडर, तो लावला, तर ऑफिसातून परत आलं की फोटोतली व्यक्ती अर्जदारच आहे हे स्पष्ट होत नाही. होणार कसं, लुगड्यातला माणूस आहे तो, तेच तर त्याचं काम! हसावं की रडावं कळत नाही.

मग मी विचार केला की पेपरातलं कात्रण कुठून आणायचं. आणि आपल्या घरात जमा झालेल्या दिवाळीनंतरच्या रद्दीत बसलो. दिवाळी पहाटचे फोटो, गायकांची नावं, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, निवेदन कोणी केलं, आभार कोणी मानले, शेवटी "यांनी परिश्रम घेतले" म्हणून दहा नावं. एवढं सगळं. उद्या त्यातल्या तबलावाल्याला पुरावा लागला तर त्याच्याकडे ढीग आहे. आणि आमच्या मंडईचं काय, तर एका वर्षी एका ओळीची बातमी सापडली, "मंडई उत्साहात साजरी, मान्यवरांची उपस्थिती", आणि पुढे फक्त मान्यवरांची नावं, उद्घाटक अमुक, अध्यक्ष तमुक, प्रमुख पाहुणे अजून चार. जे चार तास नाचले त्यांचं एकाचंही नाव नाही. दोष तुमच्या वार्ताहराला पण देत नाही, त्याला मंडळाने जो कागद दिला तो त्याने पाठवला, आणि त्या कागदावर आम्हीच मान्यवर लिहून देतो कारण त्यांनी वर्गणी दिलेली असते.

तर माझी मागणी ही आहे साहेब. दिवाळीच्या आठवड्यापासून पुढे निदान दीड महिना, आठवड्यातून एकदा, पाव पान, मंडईच्या तारखा छापा. गाव, तालुका, तारीख, दिवसा कोणती दंडार, कोणता शाहीर, रात्री कोणतं नाटक. आणि मंडई झाल्यावर कलाकारांची नावं, पूर्ण नाव, गावासकट, आणि तो काय करते ते. ढोलकी, गायन, स्त्री पात्र, सोंगाड्या. मान्यवरांची नावं नाही छापली तरी आम्हाला चालेल, त्यांना चालणार नाही पण ते आम्ही पाहून घेऊ.

तुम्ही म्हणाल जागा नाही. जागा नाही हे मला पटत नाही कारण वाढदिवसाच्या शुभेच्छांना जागा असते. तुम्ही म्हणाल ती जाहिरात आहे, पैसे देऊन छापते. बरोबर, शुभेच्छा जाहिरात आहे, पण दिवाळी पहाटची यादी पण पैसे देऊन छापलेली आहे का? ती बातमी म्हणून असते. मग एका ठिकाणी गाणं झालं तर बातमी आणि दुसऱ्या ठिकाणी झालं तर जाहिरात असं कसं? आणि तिसरं तुम्ही म्हणाल की माहिती कोण देणार, गावं शेकडो आहेत. हे मात्र खरं आहे, त्याचं उत्तर खाली देतो.

मधात एक गोष्ट राहिली, डान्स हंगामाची. काही गावांत आता दंडारीच्या जागेवर, आणि काही ठिकाणी तर नाटकाच्याही जागेवर, डान्स हंगामा आणतात. बाहेरच्या पोरी, सिनेमातली गाणी, पुढच्या रांगेत दारू पिऊन नोटा फेकणारे. तिकीट खपते, मान्य. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ला झाली होती आणि २०२१ ला उठवली, पण हंगाम्याच्या रात्री दोन्ही जिल्ह्यात फरक ओळखू येत नाही. त्या नाचणाऱ्या पोरींना नावं ठेवण्यात अर्थ नाही, त्या पोटासाठी करून राहिल्या. पण बायका, म्हातारी माणसं, पोरंबाळं त्या रात्री घरी बसतात, आणि मंडईतून बायका गेल्या तर मंडईत राहिलं काय? ज्या मंडळाकडे विचारायला जावं तर म्हणतात, दंडारवाले कुठे राहिले आता, कोणाला बोलवायचं माहीत नाही. मला हे बहाणा वाटायचं. पण खरंच, वीस किलोमीटरवर चांगली दंडार आहे हे आमच्या पोरांना माहीत नसते, वडशातल्या हिरोईनचं नाव माहीत असते. यादी छापली तर हा बहाणा तरी जाईल.

शिकण्याबद्दल पण दोन ओळी, कारण मास्तर लोक मंडईला सुट्टी वाया घालवणं समजतात. झाडीबोलीवर आयुष्य घालवलेले साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर सर, त्यांनी ह्याच लोकांच्या तोंडून शब्द, गाणी, दंडारी गोळा केल्या, आणि झाडीबोलीची साहित्य संमेलनं खेड्यात भरायला लागली, शहरात नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले, आम्ही पण वाटले. पण बोली जिवंत ऐकायची तर ती मंडईच्या रिंगणात. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, तिथल्या मराठीच्या पोरापोरींनी दिवाळीच्या सुट्टीत एक एक मंडई वाटून घेतली आणि दंडारीची गाणी नुसती मोबाईलवर रेकॉर्ड करून, कोणी म्हटलं ते नाव लिहून ठेवलं तरी केवढं काम होईल. प्रोजेक्ट म्हणून मार्क द्या त्याचे. आमच्या गावची दोन पोरं रील काढतात, पाच हजार लोक पाहतात, पण खाली नाव नसते, "झाडीपट्टी तडका" असं काहीतरी लिहिलेलं असते आणि गाणाऱ्या बाबांना माहीत पण नसते की आपण मोबाईलमध्ये फिरून राहिलो.

एक शाळा मात्र आमच्याजवळ आहे, नाव लिहीत नाही, त्यांनी मंडईच्या दुसऱ्या दिवशी दंडारवाल्या काकांना शाळेत बोलावलं आणि पोरांना ताल शिकवायला लावला. पोरं आधी लाजली, मग आवरेनात. एक पोरगी इतकी झक्कास नकल करत होती की काका म्हणाले हिला माझ्या पार्टीत द्या. आता ह्या गोष्टीला पाच-सात ओळी आणि एक फोटो एवढी जागा मिळाली असती तर शेजारच्या चार शाळांनी पण केलं असतं, मास्तर लोक एकमेकांचं पाहून करतात, हे मी शाळांचे ऑनलाईन फॉर्म भरतो म्हणून अनुभवाने सांगतो.

आता माहिती कोण देणार ते. आमच्या तालुक्यातल्या आणि वडसा, नागभीड, सिंदेवाही बाजूच्या मंडळांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, डेट भिडू नये म्हणून बनवलेला, तिथे रात्रंदिवस गुड मॉर्निंगचे मेसेज असतात पण तारखा पण असतात. तिथून मी स्वतः यादी काढून देईन. युनिकोडमध्ये टाईप करून, गाव-तालुका-तारीख-कलाकार अशा कॉलममध्ये, प्रत्येक नावाची खात्री त्या गावच्या मंडळाकडून करून, दर शनिवारी दुपारपर्यंत. तुमच्या उपसंपादकाला फक्त पानात बसवायचं आहे. पैसे नकोत. पेपरचा एक एक अंक त्या त्या कलाकाराच्या घरी पोचवायची जबाबदारी पण मंडळांची, तेवढं आमच्याकडून होते, वर्गणी गोळा करायला दारोदार फिरतोच. भंडारा-गोंदियाकडच्या मंडळांनी हे पत्र वाचलं असेल तर त्यांनी पण आपली यादी आपल्या वार्ताहराकडे द्यावी, आणि त्यात मान्यवर शेवटी लिहावे.

फक्त एवढं करा, की कात्रणावर पेपरचं नाव आणि तारीख दिसेल अशा जागी तो मजकूर लावा. पानाच्या अगदी वर. खाली कोपऱ्यात लावला तर कापल्यावर तारीख राहत नाही, आणि ऑफिसात तारीख नसलेलं कात्रण घेत नाहीत, ते पण मी करून पाहिलं आहे. ह्या वर्षीची पहिली यादी दसऱ्यापर्यंत तयार होईल, कोणत्या मेलवर पाठवायची ते तुमच्या ब्रम्हपुरीच्या वार्ताहराजवळ निरोप द्या, तो माझ्या दुकानात झेरॉक्स काढायला येतोच.

आपला,
एक वाचक आणि नाट्य मंडळाचा हिशोबनीस
ता. ब्रम्हपुरी, जि. चंद्रपूर